प्रौढांचे डायपर : घाम, ओलावा आणि त्वचेची निगा

घरातील वडीलधारे माणूस दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळले, की औषधपाणी, पथ्य आणि डॉक्टरांच्या खेपा यांविषयी घरात मोकळेपणाने बोलणे होते. शेजारीपाजारी चौकशीस येतात, तेव्हा ताप किती आहे, अन्न किती जाते, झोप लागते की नाही, हे सर्व आस्थेने विचारले जाते. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही आणि घरची मंडळीही आपण होऊन सांगत नाहीत. रुग्णाचा लघवीवरील किंवा शौचावरील ताबा सुटला असेल, तर त्याची व्यवस्था कशी केली जाते, आणि त्या व्यवस्थेत रुग्णाच्या त्वचेचे काय होते, हा तो प्रश्न होय.

पूर्वी जुनी लुगडी आणि धोतरे फाडून त्यांचे लंगोट केले जात. आज तालुक्याच्या गावीच नव्हे, तर मोठ्या बाजारगावातील औषधाच्या दुकानातही प्रौढांचे डायपर मिळतात. त्यामुळे अंथरूण कोरडे राहू लागले, रात्रीची जागरणे कमी झाली आणि रुग्णाला चारचौघांत बसणे शक्य झाले. ही सोय मोठी आहे यात शंका नाही. तथापि डायपर अंथरूण कोरडे ठेवतो म्हणून तो त्वचाही कोरडी ठेवतोच, असे समजणे ही मोठी चूक ठरते. लघवी शोषून घेणे हे डायपरचे काम आहे. त्याच्या आत साचणाऱ्या घामाची व्यवस्था मात्र तो पुरतेपणी करू शकत नाही. ती व्यवस्था माणसालाच करावी लागते, आणि तिच्यासाठी महागड्या वस्तूंपेक्षा नियमित दिनक्रमाचीच अधिक गरज असते.

हा प्रश्न केवळ थोड्या घरांचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १ कोटी ११ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ दहा टक्के होती. त्या सर्वांनाच हा त्रास असतो असे नाही. परंतु वाढत्या वयाबरोबर तो वाढतो. शिवाय पक्षाघात झालेले रुग्ण, मणक्याला इजा झालेले तरुण, प्रोस्टेट ग्रंथीची शस्त्रक्रिया झालेले पुरुष, अनेक बाळंतपणांनंतर ओटीपोटाचे स्नायू सैल पडलेल्या स्त्रिया आणि दीर्घकाळ मधुमेह असलेली माणसे यांनाही तो होतो. यांपैकी कितीतरी जण कचेरीत, शाळेत, बाजारात आपापले काम करीत असतात आणि आपला त्रास कोणास कळू देत नाहीत.

घामाचे कार्य आणि डायपरची अडचण

मानवी त्वचेत २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. शरीरातील उष्णता बाहेर टाकणे हे त्यांचे मुख्य कार्य होय. परंतु घाम नुसता सुटल्याने शरीर थंड होत नाही. तो वाळला, म्हणजे त्याची वाफ झाली, तरच शरीर थंड होते. एक लिटर घामाची वाफ होताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, तेच हे कारण. माठावर प्लॅस्टिकचे वेष्टन घट्ट गुंडाळले तर पाणी गार होणार नाही. डायपरखालच्या त्वचेची अवस्था अशा वेष्टनातील माठासारखी होते.

विदर्भ व खानदेशात, विशेषतः चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, जळगाव या भागांत, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेथील हवा कोरडी असल्याने अंगावरील घाम लगेच वाळतो आणि घाम येतच नाही असा भास होतो. परंतु डायपरच्या आत ती कोरडी हवा पोहोचत नाही. तेथे घाम तसाच राहतो. कोकणात तापमान तुलनेने कमी असले, तरी हवाच दमट असल्यामुळे उघड्या अंगावरचा घामही वाळत नाही, मग झाकलेल्या जागेची गोष्टच वेगळी. म्हणून दोन्ही प्रदेशांत हा प्रश्न उद्भवतो, मात्र त्यावरील उपाय थोडे वेगळे असतात.

डायपरची रचना समजून घेतली, तर ही अडचण अधिक स्पष्ट होईल. त्वचेला लागून एक पातळ, सच्छिद्र थर असतो. त्याखाली लाकडाच्या लगद्याचा कापसासारखा गाभा असतो आणि त्या गाभ्यात एका पांढऱ्या रसायनाचे बारीक कण मिसळलेले असतात. हे कण पाणी शोषून फुगतात आणि त्यांचा मऊ गोळा बनतो. शुद्ध पाणी असेल तर ते आपल्या वजनाच्या शेकडो पट शोषतात. लघवीत क्षार असल्यामुळे तेथे हे प्रमाण बरेच कमी होते. या प्रकारच्या पदार्थाचा शोध अमेरिकेच्या कृषी खात्यात १९६० च्या दशकात व १९७० च्या दशकाच्या आरंभी चाललेल्या संशोधनातून लागला, आणि जमिनीत ओल टिकवून धरणे हा त्यामागील एक हेतू होता. १९८० च्या दशकात त्याचा डायपरमध्ये वापर रूढ झाला. सर्वांत बाहेर ओल बाहेर येऊ न देणारा पापुद्रा असतो. काही डायपरमध्ये हा पापुद्रा पूर्णपणे बंद असतो, तर काहींमध्ये त्याला अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी गळत नाही, पण थोडी वाफ बाहेर जाऊ शकते.

शोषक गाभा मध्यभागी, म्हणजे लघवी जेथे पडते तेथे असतो. कमरेचा पट्टा, मांडीभोवतीची लवचीक झालर आणि दोन्ही बाजूंचे पंख या भागांत तो नसतो. घाम मात्र नेमका कमरेशी, जांघेत आणि नितंबांच्या घडीत अधिक साचतो. म्हणूनच डायपर आतून फारसा भरलेला नसतानाही कमरेभोवती घामोळे आणि जांघेत चट्टे उठलेले आढळतात. डायपर गळला नाही म्हणून बदलला नाही, असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

त्वचा कशी बिघडते

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारणपणे साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान असतो. ही आम्लता त्वचेचे एक कवच आहे. तिच्यामुळे अपायकारक जंतूंना सहज वाढता येत नाही. त्वचा सतत ओली राहिली की तिचा वरचा थर पाणी शोषून फुगतो. बराच वेळ पाण्यात काम केल्यावर बोटे पांढरी व सुरकुतलेली दिसतात, तसाच हा प्रकार असतो. फुगलेली त्वचा मऊ पडते, कापडाशी अधिक घासते आणि सहज सोलवटते.

त्यात लघवीची भर पडते. लघवीतील युरियाचे जंतूंमुळे विघटन होऊन अमोनिया तयार होतो. ओल्या लंगोटाला येणारा उग्र वास याचाच असतो. अमोनियामुळे त्वचेची आम्लता नष्ट होते. त्याच वेळी शौचही झाले असेल, तर विष्ठेतील पाचकद्रव्ये या बदललेल्या स्थितीत अधिक क्रियाशील होतात आणि प्रत्यक्ष त्वचेलाच पोखरू लागतात. म्हणून लघवी आणि शौच एकत्र झालेला डायपर नुसत्या ओल्या डायपरपेक्षा कितीतरी अधिक घातक होय. पातळ जुलाब होत असतील, तर काही तासांतच त्वचा लाल होऊन पाणी सुटू लागते.

यातून तीन-चार वेगवेगळे विकार संभवतात आणि त्यांवरील उपायही वेगळे आहेत. घर्मग्रंथींची तोंडे बंद झाल्याने बारीक पुरळ उठते, ते घामोळे. जांघेत किंवा पोटाच्या घडीत त्वचेवर त्वचा घासून ओलसर चट्टा पडतो. त्या चट्ट्यावर कॅन्डिडा नावाची बुरशी वाढली, तर मुख्य चट्ट्याच्या कडेबाहेर लहान लहान ठिपके दिसतात आणि खाज सुटते. मधुमेही रुग्णांत हे विशेष आढळते. गजकर्णाचा चट्टा बहुधा कडेला उठावदार आणि मध्ये निवळलेला असतो. माकडहाड, कमरेचे हाड, टाच अशा हाडाच्या उंचवट्यावर एकाच जागी काळसर डाग किंवा जखम झाली असेल, तर ती ओलाव्यापेक्षा दाबामुळे झालेली, म्हणजे शय्याव्रणाची सुरुवात असण्याचा संभव अधिक. ओल्या त्वचेवर हे व्रण लवकर होतात, म्हणून दोन्ही गोष्टी एकमेकींशी निगडित आहेत.

येथे एक सूचना आवश्यक वाटते. त्वचा लाल झाली की सावध व्हावे, असे पुष्कळ पुस्तकांत सांगितलेले असते. सावळ्या किंवा काळ्या वर्णाच्या त्वचेवर ही लाली स्पष्ट दिसत नाही. तेथे आजूबाजूच्या भागापेक्षा अधिक काळसर, जांभळट किंवा तकाकी आलेली त्वचा दिसते. हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श केल्यास तो भाग गरम किंवा घट्ट लागतो. नुसत्या नजरेवर विसंबून न राहता हाताने चाचपून पाहावे आणि रुग्णाला तेथे आग किंवा दुखणे जाणवते काय, हे विचारावे. पक्षाघाताच्या किंवा मणक्याच्या रुग्णास संवेदनाच नसेल, तर तो तक्रार करणार नाही. त्याच्या बाबतीत दिवसातून दोनदा पाहणी करणे, हे शुश्रूषा करणाऱ्याचे कर्तव्यच ठरते.

रोजचा दिनक्रम

या सर्व विकारांवर पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मोकळी हवा. दिवसातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येकी अर्धा तास तरी, रुग्णास डायपरविना ठेवावे. त्यासाठी खाली सुती कापडाची जाड घडी किंवा शोषक चादर अंथरावी, दार लोटून घ्यावे, अंगावर पातळ पांघरूण सैल ठेवावे आणि पंखा सुरू करावा. वीज गेली असल्यास हातपंखाही चालतो. सकाळी स्नानानंतरची वेळ, दुपारच्या विश्रांतीची वेळ आणि सायंकाळ या वेळा घरात ठरवून टाकाव्यात. चिकटपट्ट्यांचा डायपर असेल, तर तो पूर्ण न काढता पट्ट्या सोडून पुढचा भाग मोकळा करता येतो. अंथरुणावरील रुग्णासाठी म्हणूनच चड्डीसारख्या डायपरपेक्षा पट्ट्यांचा प्रकार अधिक सोयीचा पडतो. हिंडतेफिरते असणाऱ्यांना चड्डीचा प्रकार बरा.

डायपर दर दोन-तीन तासांनी तपासावा. तो ओला, जड किंवा गरम लागला तर बदलावा. शौच झाले असल्यास क्षणाचाही विलंब लावू नये. रात्री मात्र रुग्णाची झोप वारंवार मोडणे योग्य नाही. त्या वेळी अधिक शोषणक्षमतेचा डायपर वापरावा आणि पहाटे तो आवर्जून बदलावा.

बदलताना कोमट किंवा साध्या पाण्याने भाग धुवावा. अंगाला लावण्याचा नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो. दर वेळी त्याचा वापर केल्यास त्वचेची उरलीसुरली आम्लताही नाहीशी होते. शौच झाल्यावर सौम्य साबण थोडा वापरून तो पूर्णपणे धुऊन काढावा, एरवी पाणी पुरेसे आहे. जंतुनाशक द्रावण पाण्यात घालण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. ती नाजूक त्वचेची आग वाढवते, म्हणून टाळावी. स्त्रियांच्या बाबतीत पुसताना हात नेहमी पुढून मागे न्यावा, म्हणजे मूत्रमार्गात जंतू जात नाहीत. धुतल्यावर जुन्या मऊ मलमलीने टिपून घ्यावे. घासून पुसू नये. जांघ, पोटाची घडी आणि नितंबांमधील भाग हलक्या हाताने उघडून तेथील ओल टिपावी. नंतर चार-पाच मिनिटे वारा लागू द्यावा आणि मगच नवा डायपर बांधावा. ही चार-पाच मिनिटेच बहुतेक घरांत वाचवली जातात, आणि त्वचेचा बिघाड बहुधा तेथूनच सुरू होतो.

यानंतर संरक्षक मलमाचा प्रश्न येतो. झिंक ऑक्साइड असलेले मलम किंवा पेट्रोलियम जेली यांचा पातळ थर लघवी-शौच लागणाऱ्या भागावर लावल्यास त्वचेला आवरण मिळते. थर पातळच असावा. जाड थर डायपरच्या वरच्या पापुद्र्याला चिकटून त्याची छिद्रे बुजवतो आणि लघवी शोषली जात नाही. शिवाय घर्मग्रंथींची तोंडे बंद होऊन घामोळे वाढते. कमरेच्या पट्ट्याखाली, जेथे केवळ घाम असतो, तेथे तेलकट मलम लावू नये. पावडरीच्या बाबतीतही सावधगिरी हवी. घामाने तिचे गोळे बनतात आणि घडीत खड्यासारखे घासतात. मलमावर पावडर टाकणे तर सर्वथा अयोग्य होय. हळद, राख, चुना यांसारखे पदार्थ सोललेल्या त्वचेवर लावू नयेत.

डायपरचे माप योग्य असावे. घट्ट डायपर कमरेत रुततो आणि हवेस वाट ठेवत नाही. फार सैल असेल तर गळतो. बांधल्यावर कमरेशी दोन बोटे सहज जावीत. गळू नये म्हणून एकावर एक दोन डायपर बांधणे किंवा वरून प्लॅस्टिकची चड्डी घालणे यामुळे उष्णता वाढते आणि लाभ काही होत नाही. डायपरवर सुती लुंगी, सैल पायजमा, परकर किंवा गाऊन असावा. गादीवर पूर्ण लांबीचे मेणकापड घातले तर पाठीलाही घाम येतो. ते कमरेखालच्या भागापुरतेच ठेवून वर सुती चादरीची घडी घालावी. रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत खोलीत कूलर लावणे हितावह ठरते. कोकणात मात्र कूलरने दमटपणा वाढतो, तेथे समोरासमोरच्या खिडक्या आणि पंखा यांचाच आधार घ्यावा.

पाणी तोडू नये

उन्हाळ्यात घडणारी सर्वांत गंभीर चूक त्वचेपुरती मर्यादित नसते. डायपर लवकर भरू नये, सुनेला किंवा मुलाला वारंवार उठवावे लागू नये आणि पैसे खर्च होऊ नयेत, या संकोचापायी कितीतरी वृद्ध माणसे पाणी पिणेच कमी करतात. वार्धक्यात तहानेची जाणीव मुळातच मंद झालेली असते. पाणी तोडल्याने लघवी दाट व उग्र होते, ती मूत्राशयास आणि त्वचेस अधिक झोंबते, बद्धकोष्ठ होते, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग संभवतो आणि एप्रिल-मे महिन्यांत उष्माघाताचा धोका वाढतो. डायपर वाचविण्यासाठी जिवाचे मोल द्यावे लागण्याचा हा प्रसंग असतो. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या विकारात डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा घातली असल्यास ती पाळावी. इतरांनी दिवसभर थोडे थोडे पाणी, ताक, पेज घेत राहावे आणि झोपण्यापूर्वी एक-दोन तास ते कमी करावे. चहाचे प्रमाण कमी केल्याने लघवीची घाई पुष्कळांत कमी होते.

खर्चाचा विचार

दिवसाला चार डायपर धरले, तरी महिन्याला एकशेवीस डायपर लागतात. हा खर्च शेतमजुराच्या किंवा निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या कुटुंबास झेपणारा नाही, आणि म्हणूनच ओला डायपर वाळवून पुन्हा बांधण्याचे प्रकार घडतात. त्यात क्षार व जंतू तसेच राहतात; ही काटकसर अखेरीस महाग पडते. त्याऐवजी दिवसा घरात सुती लंगोट आणि ठरावीक वेळी भांडे, तर रात्री आणि प्रवासात डायपर, अशी विभागणी करावी. मलमलीचा घडी घातलेला लंगोट हवा खेळू देतो. मात्र तो ओला होताच बदलला पाहिजे. लंगोट धुताना साबणाचा अंश राहू नये म्हणून दोन-तीन पाण्यांतून काढावा आणि उन्हात वाळवावा. पावसाळ्यात तो दमट राहिल्यास इस्त्री फिरवावी. या विभागणीने खर्च निम्म्यावर येऊ शकतो आणि त्वचेलाही आपोआपच मोकळी हवा मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून डायपरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला, हेही या संदर्भात नमूद केले पाहिजे.

ताबा सुटणे हे नेहमीच अटळ नसते

डायपर बांधला म्हणजे प्रश्न संपला, असे मानले जाते. वस्तुतः ताबा का सुटला याची तपासणी प्रथम व्हावयास हवी. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, अनियंत्रित मधुमेह, प्रोस्टेटची वाढ, अंग बाहेर येणे, तीव्र बद्धकोष्ठ किंवा लघवी वाढविणारी औषधे ही त्याची कारणे असू शकतात आणि यांतील बऱ्याच कारणांवर उपचार आहेत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सैल सोडण्याचा व्यायाम अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यास कोणतेही साधन लागत नाही; मात्र तो काही आठवडे चिकाटीने करावा लागतो आणि एकदा परिचारिकेकडून किंवा डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावा. दर दोन-तीन तासांनी, इच्छा होण्याची वाट न पाहता, लघवीस नेण्याच्या सवयीनेही डायपरची संख्या पुष्कळ कमी होते.

पुढील लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ घालवू नये : त्वचा सोलून पाणी किंवा पू येणे, दोन-तीन दिवसांच्या निगेनंतरही चट्टा न निवळणे, कडेबाहेर ठिपके पसरत जाणे, हाडाच्या उंचवट्यावर न जाणारा काळसर डाग, ताप, किंवा रुग्णास एकाएकी आलेले भ्रमिष्टपण. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. औषधाच्या दुकानातून परस्पर मागून आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे दोन दिवस आराम देतात. परंतु त्यांनी बुरशी आतल्या आत पसरते आणि त्वचा पातळ होते. झाकलेल्या ओल्या जागेत त्यांचा अपाय अधिक होतो.

गावाची जबाबदारी

या विषयात शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना करण्यासारखे पुष्कळ आहे. आशा स्वयंसेविका घरभेटीस जातात, तेव्हा अंथरुणावरील रुग्णांच्या त्वचेची विचारपूस त्यांनी करावी, यासाठी ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत एकदा चर्चा व्हावी. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे व त्यावरील वयाच्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २ लाख रुपयांपर्यंत असलेल्या नागरिकांना साहाय्यक साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये देण्याची तरतूद करण्यात आली, आणि त्या साधनांत कमोड खुर्चीचा समावेश होता. खाटेशेजारी अशी खुर्ची आली, तर कित्येकांना दिवसा डायपर लागणारच नाही. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची असते. तिच्या नियोजनात ताबा सुटलेल्या दिव्यांग व्यक्तींची गरज मांडली जाते काय, हे सदस्यांनी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे विचारून पाहावे. ज्येष्ठ नागरिकांना सल्ला व साहाय्य देणारा १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक चावडीवर आणि शाळेच्या फलकावर लिहून ठेवण्यास काहीच खर्च येत नाही.

कचेरीतील आणि शाळेतील प्रसाधनगृहांचाही विचार व्हावा. डायपर वापरून नोकरी करणाऱ्या व्यक्तीला दुपारी तो बदलावयाचा असेल, तर आतून लागणारी कडी, कपडे अडकवण्यास खुंटी, पाणी, पिशवी ठेवण्यास कोरडी फळी आणि झाकणाची कचरापेटी एवढेच पुरते. एवढे नसल्यामुळे सकाळी आठ वाजता बांधलेला डायपर सायंकाळी सहापर्यंत तसाच अंगावर राहतो आणि त्वचेचे विकार जडतात. कोणाचेही नाव न विचारता ही सोय करता येते.

वापरलेले डायपर उकिरड्यावर, ओढ्यात किंवा शौचकूपात टाकू नयेत. त्यातील शोषक द्रव्य फुगून नळ तुंबतो आणि प्लॅस्टिकचा भाग कुजत नाही. विष्ठा प्रथम शौचकूपात टाकावी, डायपर गुंडाळून जुन्या वर्तमानपत्रात बांधावा आणि वेगळा द्यावा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या डायपरची गणना सॅनिटरी कचऱ्यात केली. हा कचरा वेगळा गोळा करण्याची व्यवस्था गावात असेल, तर उन्हाळ्यात दुर्गंधी येईल म्हणून डायपर उशिरा बदलण्याचे एक कारणही आपोआप नाहीसे होईल.

या लेखात सांगितलेले बहुतेक उपाय, म्हणजे पाणी, मलमलीचा तुकडा, पंखा, ठरलेली वेळ आणि हलका हात, हे कोणत्याही घरी उपलब्ध आहेत. कमी पडते ती बोलण्याची मोकळीक. जो वृद्ध आयुष्यभर कोणापुढे हात न पसरता जगला, त्याला आपली ओली त्वचा दाखविण्याचा संकोच वाटणारच. हा संकोच त्याने मोडावा अशी वाट न पाहता, शुश्रूषा करणाऱ्यानेच आदबीने विचारावयास हवे. औषधाची वेळ झाली का, असे आपण ज्या सहजतेने विचारतो, त्याच सहजतेने डायपर बदलण्याची वेळ झाली का, हेही घराघरांत विचारले जाऊ लागले, तर अनेक जखमा होण्यापूर्वीच टळतील आणि आपल्या वडीलधाऱ्यांचे अखेरचे दिवस वेदनेविना व सन्मानाने जातील.